खुर्ची, तिकीट की गाणे? रॉयल्टीचा दर ठरताना

आमची संस्था मिरजेत वर्षभर संगीताचे कार्यक्रम करते. महिन्याला एक बैठक, उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे गायन-वादन आणि दिवाळीत तिकीट लावून होणारी ‘दिवाळी पहाट’, असा साधारण क्रम असतो. मी संस्थेची खजिनदार आहे. आधीची नोकरी बँकेतली असल्यामुळे कोणतीही रक्कम भरण्यापूर्वी ती कशी निघाली हे समजून घेण्याची सवय लागलेली आहे. दिवाळी पहाटेच्या अंदाजपत्रकात कलाकारांचे मानधन, नाट्यगृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था आणि छपाई यांच्या जोडीला ‘गीत-संगीताचा सार्वजनिक सादरीकरण परवाना’ असे खाते उघडायचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीत पुष्कळ चर्चा झाली. हे पैसे द्यावेत का, कोणाला द्यावेत आणि किती द्यावेत, असे प्रश्न एकामागून एक आले. त्यांतला शेवटचा प्रश्न आम्हांला सर्वांत लांबवर घेऊन गेला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या भागात नाटकानेच देऊन ठेवले आहे. सांगली-मिरजेत हौशी नाट्यसंस्था पिढ्यान्‌पिढ्या नाटके बसवत आल्या आहेत आणि नाटककाराची लेखी परवानगी घेऊन प्रयोगामागे त्याचे मानधन पाठवणे हा तिथला जुना रिवाज आहे. परवानगीपत्राशिवाय तालीम सुरू करू नये, असे आमचे वडीलधारे सांगत. मग ज्या कवीचे शब्द आणि ज्या संगीतकाराची चाल ऐकण्यासाठी लोक दिवाळीच्या पहाटे अंघोळी उरकून नाट्यगृहात येतात, त्यांचा वाटा अंदाजपत्रकात का नसावा, याला कोणाकडेही उत्तर नव्हते. गायकाला आपण देतो, तबलजीला देतो, माइकवाल्याला देतो. गीतकाराला आणि संगीतकाराला देणे हा त्याच हिशेबाचा भाग आहे, यावर कार्यकारिणीचे एकमत झाले.

कोणाला द्यायचे, हे समजून घेण्यासाठी मात्र कायदा वाचावा लागला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताचे शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी कृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती असते. तिन्हींचे हक्क वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. रंगमंचावर गायक प्रत्यक्ष गातो तेव्हा शब्द आणि चाल वापरली जाते. पडदा उघडण्याआधी किंवा मध्यंतरात मुद्रित गाणे वाजवले, तर त्यात ध्वनिमुद्रणाच्या मालकाचाही हक्क येतो. दिवाळी पहाटेला सुरुवातीस सनईची ध्वनिमुद्रिका लावण्याचा आमचा प्रघात होता. तिच्याऐवजी मिरजेजवळच्या एका सनईवादकाला प्रत्यक्ष बोलवावे असे ठरले आणि ध्वनिमुद्रणाचा प्रश्न आमच्यापुरता बाजूला झाला. कार्यक्रमाची शोभाही वाढली आणि एका कलाकाराला काम मिळाले, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

ज्यांना परवाना लागत नाही असे कार्यक्रमही कायद्यातच सांगितले आहेत. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे केलेले सादरीकरण, तसेच खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातले सादरीकरण कलम ५२ मध्ये वगळलेले आहे आणि विवाहाची वरात व विवाहाशी निगडित सामाजिक सोहळे यांचाही त्यात समावेश आहे. आमची विद्यार्थ्यांची विनामूल्य सभा या सवलतीत बसते. व्यावसायिक कलाकारांना मानधन देऊन आणि श्रोत्यांकडून तिकीट घेऊन केलेली दिवाळी पहाट बसत नाही.

गीतकार, संगीतकार आणि हक्कांचे मालक यांच्या वतीने परवाना देणाऱ्या नोंदणीकृत हक्कसंस्थेचे दरपत्रक जाहीर असते. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम ३३-ए नुसार ते जाहीर करणे संस्थेवर बंधनकारक आहे. आमच्या हाती आलेल्या आकारणीत सभागृहाची आसनसंख्या आणि तिकिटाचा दर यांवरून एक रक्कम काढलेली होती. ती आमच्या आवाक्याबाहेरची नव्हती, आणि हे मी स्पष्टपणे नोंदवते, कारण पुढे जे केले ते पैसे वाचवण्याच्या हेतूने केलेले नाही. मला हवे होते ते त्या रकमेमागचे कारण. आसने किती यावर रॉयल्टी का ठरावी, विकलेल्या तिकिटांवर का नाही, आणि त्या सकाळी आम्ही नेमकी कोणती गाणी सादर केली याचा त्या रकमेशी काही संबंध आहे का?

म्हणून आधी मी कार्यक्रमातल्या सादरीकरणांची यादी घेऊन बसले आणि प्रत्येक नोंदीपुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि दोघांचे निधन केव्हा झाले, हे लिहीत गेले. शब्द आणि चाल यांचा हक्क कवीच्या किंवा संगीतकाराच्या हयातीत असतो आणि निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. हा एकच नियम लावला की आपल्या संगीताचा सगळा पट वेगळाच दिसू लागतो. कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली गेले आणि भास्करबुवा बखले १९२२ साली, त्यामुळे या दोघांनी मिळून घडवलेली नाट्यपदे आता कोणीही मोकळेपणाने गाऊ शकतो. पण नाट्यसंगीत म्हणून त्याच पंगतीत बसणारी, जितेंद्र अभिषेकींनी चाल दिलेली पदे संरक्षित आहेत, कारण अभिषेकी १९९८ साली गेले आणि त्यांच्या चालींचा हक्क २०५८ अखेरपर्यंत राहील. ग. दि. माडगूळकरांचे निधन डिसेंबर १९७७ मधले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून एकाच गाण्यातली त्यांची चाल शब्दांपेक्षा २५ वर्षे अधिक, २०६२ अखेरपर्यंत, हक्काखाली राहणार आहे.

अभंगांनी तर मला बराच वेळ थांबवून ठेवले. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. त्यावर कोणाचा हक्क असण्याचा प्रश्नच नाही. परंतु श्रीनिवास खळे यांनी एखाद्या अभंगाला दिलेली चाल ही खळ्यांची स्वतंत्र निर्मिती आहे आणि ते २०११ साली गेल्यामुळे ती २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. तोच अभंग वारकरी परंपरेतल्या चालीत गायला तर कोणाचेच देणे लागत नाही, खळ्यांच्या चालीत गायला तर चालीचे देणे लागते. अशा नोंदीला मी अर्धे गाणे धरले. आमच्या सकाळच्या पहिल्या भागात रागसंगीत असते. तिथल्या बहुतेक बंदिशी परंपरेने आलेल्या असतात आणि ख्यालाचा विस्तार गायक त्या क्षणी स्वतः करीत असतो. त्या भागासाठी गीतकार-संगीतकारांच्या परवान्याचे कारणच उरत नाही.

हा हिशेब मांडल्यावर असे दिसले. एकूण १८ सादरीकरणे, त्यांत तीन पारंपरिक बंदिशी, चार मुक्त झालेली नाट्यपदे, तीन अभंग आणि आठ पूर्णतः संरक्षित भावगीते व चित्रपटगीते. अभंग अर्धे धरल्यास १८ पैकी साडेनऊ, म्हणजे सुमारे ५३ टक्के कार्यक्रम संरक्षित ठरतो. पण मिनिटांनी मोजले तर चित्र बदलते. दीडशे मिनिटांपैकी पन्नास मिनिटे ख्याल, तीस मिनिटे नाट्यपदे, वीस मिनिटे अभंग आणि पन्नास मिनिटे उरलेली गाणी. या मोजणीत संरक्षित वाटा साठ मिनिटांचा, म्हणजे ४० टक्के होतो. कार्यक्रम तोच, गाणी तीच, आणि नुसती मोजपट्टी बदलल्याने तेरा टक्क्यांचा फरक पडतो. दराचा आकडा ठरवण्याआधी मोजायचे काय हे ठरवले पाहिजे, ही गोष्ट मला त्या कागदावर पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली.

आसन आणि तिकीट यांच्याबाबतही तेच आहे. समजण्यासाठी एक काल्पनिक दर घेऊ. ६०० आसनांचे नाट्यगृह आहे आणि दर आसनामागे पाच रुपये आहे, तर परवाना तीन हजारांचा होतो. आमच्यासारख्या संस्थेची १५० रुपयांची २४० तिकिटे गेली, तर जमा ३६ हजार आणि परवाना जमेच्या आठ टक्क्यांहून अधिक पडतो. त्याच नाट्यगृहात नावाजलेल्या गायकाचा ५०० रुपये तिकिटाचा कार्यक्रम भरगच्च झाला, तर जमा तीन लाख आणि परवाना फक्त एक टक्का. आता आसनाऐवजी जमेच्या चार टक्के असा दर ठेवला, तर आमचा परवाना १,४४० रुपयांचा आणि मोठ्या कार्यक्रमाचा १२ हजारांचा होतो. जमेवरचा दर अधिक न्याय्य आहे असे इथपर्यंत कोणीही म्हणेल, आणि मीही तसेच म्हणत होते.

परंतु अलीकडे दिवाळी पहाटेचे कितीतरी कार्यक्रम विनामूल्य प्रवेशिकांवर होतात. त्यांचा खर्च बांधकाम व्यावसायिक, पतसंस्था किंवा स्थानिक पुढारी उचलतात, मैदानात हजारोंची गर्दी असते आणि गायकांचे मानधन आमच्या संपूर्ण अंदाजपत्रकाहून मोठे असते. तिकीटविक्रीवरच दर आकारला, तर या कार्यक्रमांची रॉयल्टी शून्य होईल आणि तिकीट लावून प्रामाणिकपणे जमाखर्च ठेवणाऱ्या लहान संस्था तेवढ्या देत राहतील. म्हणून जमा म्हणजे तिकीट अधिक प्रायोजकांकडून मिळालेली रक्कम, आणि त्याखाली एक किमान शुल्क, अशा मांडणीपर्यंत मी आले. आजही मला तीच मांडणी बरोबर वाटते.

हा वाद नवा नाही, हे वाचनातून कळले. खासगी एफ.एम. रेडिओ सुरू झाल्यानंतर ध्वनिमुद्रणांसाठी किती रॉयल्टी द्यावी, यावर रेडिओ केंद्रे आणि संगीत कंपन्या यांच्यात दीर्घ लढाई झाली. २००२ साली कॉपीराइट मंडळाने प्रत्यक्ष गाणी वाजलेल्या तासामागे रुपयांत दर ठरवून दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २००८ साली तिथला निकाल लागला आणि २०१० साली मंडळाने तासांचा हिशेब सोडून निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के असा दर दिला. दहा वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२० रोजी, कॉपीराइट मंडळाची जागा घेतलेल्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने पुन्हा तासाच्या दराचा मार्ग धरला. रेडिओ हे प्रसारण आहे आणि त्याला कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. आमच्या सभागृहातल्या सादरीकरणाला ते दर लागू होत नाहीत. पण इतक्या मोठ्या उद्योगाच्या बाबतीत वकिलांच्या फौजा आणि हिशेबतज्ज्ञ हाताशी असूनही मोजपट्टी दोनदा बदलली, यावरून हा प्रश्न किती अवघड आहे ते ध्यानात येते. वापर मोजावा तर वापरणाऱ्याची ऐपत सुटते, उत्पन्न मोजावे तर गाण्याचे मोल दुसऱ्याच्या धंद्याच्या यशापयशाला बांधले जाते.

आमच्यासारख्याच सांगली, कोल्हापूर आणि सातारा भागांतल्या काही आयोजक संस्थांना मी हे आकडे पाठवले. सर्वांनी मिळून एक निवेदन तयार केले आणि दरपत्रक ठरवणाऱ्या हक्कसंस्थेकडे चर्चेची विनंती केली. कोल्हापुरात बैठक झाली. समोर परवाना विभागाचे अधिकारी होते आणि त्यांच्यासोबत संस्थेचे सभासद असलेले एक ज्येष्ठ गीतकार आले होते. अशा हक्कसंस्थेच्या नियामक मंडळात हक्कांचे मालक आणि लेखक-संगीतकार यांची संख्या समान असावी, असे दुरुस्त कायदा सांगतो. त्यामुळे गीतकार तिथे पाहुणे म्हणून नव्हते, घरचे म्हणून बसले होते.

अधिकाऱ्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकले आणि त्यांची बाजूही मांडली. परवाना एकगठ्ठा का असतो, याचे त्यांनी दिलेले कारण मला पटण्यासारखे होते. आयोजकाला ऐनवेळी श्रोत्यांची फर्माईश आली तर ते गाणे गाता यावे, प्रत्येक गाण्यासाठी आधी परवानगी शोधत बसावे लागू नये, हा एकगठ्ठा परवान्याचा फायदा आहे आणि त्या मोकळेपणालाही काही मोल आहे. प्रत्येक कार्यक्रमाची मिनिटे मोजायची म्हटली, तर मोजण्याचा खर्चच गोळा झालेल्या रकमेला गिळून टाकेल, असेही ते म्हणाले. रागसंगीताचा भाग वगळावा या मागणीवर त्यांचा प्रश्न असा होता की तिकीट घेणारा श्रोता कोणत्या भागासाठी येतो हे तुम्ही कसे ठरवणार? आमच्यातले एक जुने कार्यवाह त्यावर म्हणाले, “साहेब, मिरजेत श्रोता ख्यालासाठीही येतो. तो येतो म्हणून तर तुमचा भावगीतांचा भाग उत्तरार्धात ठेवता येतो.” दोन्ही बोलणी खरी होती आणि दोन्हींतून कोणताही आकडा आपोआप निघत नव्हता.

मग गीतकार बोलले, आणि मला वाटते त्या बैठकीतले सर्वांत महत्त्वाचे बोलणे तेच होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. आयोजक दराबद्दल भांडतात, पण परवान्याच्या अर्जासोबत गाण्यांची यादी देताना ‘मराठी व हिंदी लोकप्रिय गीते’ एवढेच लिहून मोकळे होतात. यादी नसेल, तर जमा झालेली रक्कम कोणाच्या खात्यात घालायची? ती मग रेडिओवर आणि अन्य माध्यमांत जे अधिक वाजते त्याच्या प्रमाणात वाटली जाते, आणि गावोगावच्या दिवाळी पहाटेत वर्षानुवर्षे गायल्या जाणाऱ्या भावगीताच्या कवीच्या वाट्याला काही येत नाही. माझ्याकडे वळून ते म्हणाले, “ताई, तुम्ही शब्दांचा, चालीचा, मिनिटांचा हा जो कागद केलाय, तसा मला आजवर कोणी पाठवलेला नाही.”

त्यांच्या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे. चित्रपटासाठी लिहिलेल्या गीताचा आणि दिलेल्या चालीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, चित्रपटनिर्माता असतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला होता. त्यानंतर कितीतरी वर्षे गीतकार आणि संगीतकार एकरकमी मोबदला घेऊन बाजूला होत राहिले. २०१२ ची दुरुस्ती झाली तेव्हा राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ही बाजू मांडली आणि कायद्यात असे आले की चित्रपटगृहातल्या चित्रपटप्रदर्शनाखेरीज इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा वाटा मालकाच्या बरोबरीचा राहील, आणि वारस किंवा हक्कसंस्था वगळता तो कोणालाही लिहून देता येणार नाही. म्हणजे शंभर रुपये आले तर पन्नास मालकाकडे, आणि उरलेल्या पन्नासांत शब्दांचा व चालीचा वाटा. कायद्याने एवढे दिले, पण कोणते गाणे गायले गेले हेच कोणी कळवले नाही, तर तो वाटा योग्य माणसापर्यंत पोहोचत नाही. दर कितीही न्याय्य ठरवला तरी यादीशिवाय तो अर्धाच आहे, अशी माझी तेव्हापासून खात्री झाली आहे.

आमच्यातल्या दोन संस्थांना दरपत्रकाविरुद्ध दाद मागावी असे वाटत होते. तो मार्गही आम्ही नीट तपासला. दरपत्रकातला अवाजवी भाग किंवा विसंगती दूर करण्यासाठी अपील करता येते. पूर्वी ते कॉपीराइट मंडळाकडे, नंतर २०१७ पासून बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात असे, आणि २०२१ साली ते मंडळ बरखास्त झाल्यापासून व्यापारी न्यायालयाकडे जाते. अपील करण्याआधी देय झालेले शुल्क भरावे लागते, निकाल लागेपर्यंत भरत राहावे लागते आणि वसुलीला स्थगिती मिळत नाही. न्यायालय सुनावणीनंतर अंतरिम दर ठरवू शकते. ही तरतूद मला योग्य वाटते, कारण वाद चालू आहे म्हणून गीतकार-संगीतकारांचे उत्पन्न थांबू नये. मात्र वर्षातून मोजके कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला व्यापारी न्यायालयात वकील उभा करण्याचा खर्च परवान्याच्या कित्येक पट होईल. पूर्वीसारखे या विषयाचे स्वतंत्र, सोपे आणि कमी खर्चाचे व्यासपीठ नसणे ही लहान वापरकर्त्यांची खरी अडचण आहे आणि ती दूर व्हायला हवी, असे मी आमच्या निवेदनातही लिहिले. अपील न करता चर्चा पुढे नेण्याचे ठरले.

जे आयोजक मुद्रित संगीत वापरतात त्यांची गुंतागुंत याहून अधिक आहे. नोंदणीकृत संस्थेचे दरपत्रक जाहीर असते आणि त्यावर दाद मागता येते. पण ध्वनिमुद्रणांचे हक्क स्वतःकडे घेतलेली एखादी कंपनी कलम ३० खाली मालक म्हणून थेट परवाना देऊ लागली, तर तिच्या दराला ही चौकट लागू होत नाही. अशा कंपनीला तसा परवाना देता येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि त्या आदेशातल्या एका भागाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. बैठकीला आलेल्या एका हॉटेलचालकाचा प्रश्न साधा होता: दर कोणी ठरवायचा हेच ठरलेले नसेल, तर मी वर्षाची तरतूद कशी करू? त्याला समाधानकारक उत्तर देणे त्या खोलीतल्या कोणाच्याही हाती नव्हते.

आमच्या कार्यक्रमापुरते मात्र काही निश्चित झाले. सनदी लेखापालाने प्रमाणित केलेला तिकीटविक्रीचा तक्ता आम्ही कार्यक्रमानंतर द्यायचा आणि आकारणी करताना तो विचारात घेतला जायचा. रागसंगीताचा भाग मिनिटांनी वेगळा काढण्याची मागणी मान्य झाली नाही. परंतु कार्यक्रमाआधी दिलेल्या यादीवरून अर्ध्याहून अधिक सादरीकरणे संरक्षणाबाहेरची दिसत असतील, तर सवलतीचा विचार करावा, असे बैठकीच्या टिपणात नोंदले गेले. मिनिटांच्या मोजणीत आमचा संरक्षित वाटा निम्म्याहून कमी भरतो आणि सादरीकरणांच्या मोजणीत थोडा अधिक, म्हणून ‘अर्ध्याहून अधिक’ हे कसे मोजायचे, यावर माझा पत्रव्यवहार चालू आहे. परवान्याच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि नोंदणी नसलेल्या आमच्यासारख्या संस्थेला त्याची वजावट मिळत नाही. पण तो प्रश्न हक्कसंस्थेच्या हातातला नाही, म्हणून आम्ही तो निवेदनातून काढून टाकला.

प्रायोजित विनामूल्य कार्यक्रमांचा मुद्दा अजून अनिर्णित आहे आणि माझ्या दृष्टीने पुढचे काम तेच आहे. प्रायोजकाची रक्कम जमेत धरावी, असे सुचवणारा मसुदा मी केला आहे. त्यावर आमच्याच गटातल्या काही आयोजकांची नाराजी आहे, कारण त्यांच्याही कार्यक्रमांना प्रायोजक असतात आणि त्यांचे शुल्क वाढेल. मी त्यांना पुन्हा आकडे दाखवले: आमच्या संस्थेलाही एका पतसंस्थेकडून जाहिरातीपोटी रक्कम मिळते, ती धरली तर आमचेही शुल्क वाढते, आणि तरीही मी हे सुचवते आहे. ज्याच्या गाण्याने मैदान भरते त्याचा वाटा प्रवेशिका फुकट आहे या कारणाने शून्य व्हावा, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

यंदाच्या अर्जासाठी गाण्यांच्या यादीचा नवा नमुना आम्ही तयार केला आहे. त्यात गाण्याचा मुखडा, गीतकार, संगीतकार, मूळ नाटक किंवा चित्रपट, चाल पारंपरिक की स्वतंत्र, आणि सादरीकरणाची मिनिटे असे रकाने आहेत. गायकांना तालमीच्या वेळीच तो भरायला देतो, आणि फर्माईशीने ऐनवेळी गायलेली गाणी कार्यक्रम संपल्यावर निवेदक त्यात जोडतो. कोल्हापूर आणि साताऱ्याकडच्या ज्या संस्थांनी नमुना मागितला त्यांना तो पाठवला आहे, आणि ‘मराठी व हिंदी लोकप्रिय गीते’ असे लिहिलेली यादी आमच्या गटातून यापुढे जाणार नाही, असे सर्वांनी लेखी कळवले आहे.